खुर्चीसोबत माणूस

हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा झाला, त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या वस्तीत प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. नव्या जिल्ह्यानं आमच्या गावाला काय दिलं ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. खुर्च्यांचं मात्र सांगता येईल.

त्याआधी आमच्या अख्ख्या बौद्ध वस्तीत एकच खुर्ची होती. लोखंडी, घडीची, आणि बसणाऱ्याच्या मांडीला हमखास चिमटा काढणारी. ग्रामसेवक आले, नर्सबाई आल्या, पोरगी पाहायला पाहुणे आले, की ती या घरातून त्या घरात पळायची. एकदा एकाच दिवशी दोन घरी पाहुणे आले तेव्हा एका होणाऱ्या नवरदेवाला पोहे उभ्यानं खावे लागले. सोयरीक जमली नाही. पोरीच्या आईनं त्याचा दोष जन्मभर खुर्चीला दिला. पोरीनं मला खरं कारण सांगितलं होतं, पण ते इथं नको.

शेवटी आमच्या महिला मंडळानं मनावर घेतलं. आई मंडळाची अध्यक्ष होती, कारण तिचा आवाज कालव्याच्या पलीकडं जायचा. मी सचिव होते, कारण मी आखाडा बाळापूरला बारावीत शिकत होते आणि मंडळाच्या वहीत लिहायला कुणीतरी लागायचंच. असं ठरलं की प्रत्येक घरानं आपल्या गेलेल्या माणसाच्या आठवणीत विहाराला एक खुर्ची द्यायची. तीस घरांच्या मिळून एकतीस खुर्च्या झाल्या. जास्तीची एक माझ्या चुलत्यांची. त्यांचे आईवडील, म्हणजे बाबांचे चुलता-चुलती, शेवटची कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. म्हणून चुलत्यांनी बापाची वेगळी आणि आईची वेगळी अशा दोन दिल्या, आणि विहारात खुर्च्या एकावर एक रचताना या दोघांच्या मध्ये तिसऱ्या कुणाला तरी ठेवायची ताकीदही दिली.

बाळापूरला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवणाऱ्या पेंटरनं प्रत्येक खुर्चीच्या पाठीमागं निळ्या रंगात नाव घातलं. आमच्यात कैलासवासी लिहीत नाहीत, कैलासाशी आमचा काही संबंध नाही. आम्ही 'कालकथित' लिहितो. कालकथित अमुक तमुक यांच्या स्मरणार्थ, आणि खाली घरच्यांचं नाव. पेंटरला वाटलं कालकथित ही पदवी आहे. इतके शिकलेले लोक एका वस्तीत कसे, असं त्यानं मला हळूच विचारलं.

महिन्याभरात खुर्च्यांना खुर्ची म्हणायचं सगळे विसरले. "आज्याला सावलीत घ्या." "मावशीवर चिखल उडालाय." "माझ्या बापावर चढून बल्ब कोण लावून राहिलंय रे?" परगावचा माणूस ऐकून गार पडायचा. आमच्या घरची खुर्ची आजीची, म्हणजे बाबांच्या आईची होती. आई पौर्णिमेला ती ओल्या फडक्यानं पुसायची आणि पुसताना तिच्याशी भांडायची. जित्यापणी सासूला जे बोलता आलं नव्हतं ते तिनं त्या वर्षात सगळं बोलून घेतलं.

आता नियमाकडं येते. वस्तीतल्याच एका साखरपुड्यात एक जाडजूड पाहुणा चुलत्यांच्या बापावर मागं रेलून झोके घेत बसला आणि खुर्चीचा पाय कडकन मोडला. सळई तापवून तो जोडला, पण खुर्ची लंगडी झाली. चुलते दोन दिवस जेवले नाहीत. "बाप दोनदा गेला माझा," असं ते येईल त्याला सांगायचे. तेव्हा मंडळाची बैठक बसली आणि मी वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं: खुर्ची बाहेर गेल्यास ज्या घरची खुर्ची त्या घरचं एक माणूस सोबत जाईल, आणि खुर्ची परत येईपर्यंत तिच्याजवळून हलणार नाही. नियम फक्त मोडतोडीच्या भीतीनं केला होता. त्यात दुसरा काही डाव नव्हता, हे मी आजही विहारात उभी राहून सांगेन.

त्या उन्हाळ्यात मालकांच्या मुलीचं लग्न निघालं. मालक म्हणजे गावातले मोठे शेतकरी. आई त्यांच्या शेतात खुरपायला, कापूस वेचायला जायची. आजीनं तर जवळजवळ सगळा जन्म त्यांच्या गोठ्यात आणि अंगणात झाडू मारला. तिला चहा मिळायचा, अंगणाच्या कडेला, मातीत बसून. मालक स्वभावानं वाईट नव्हते. माझ्या परीक्षेच्या अर्जावर त्यांनी हसतहसत सही दिली होती. ते वाईट असते तर आम्हाला सोपं गेलं असतं, निदान मनासारखं रागावता तरी आलं असतं.

लग्नाला दोन दिवस राहिले असताना मालक स्वतः मोटरसायकलवर आमच्या विहाराशी आले. असं आधी कधी झालं नव्हतं. आईनं लगबगीनं त्यांना खुर्ची टाकली. मी नाव पाहिलं. आजीची नव्हती, चुलत्यांच्या बापाची होती, लंगडी. एकतीस खुर्च्यांत नेमकी तीच हाताला कशी लागली हे मी आईला कधी विचारलं नाही. मालक बसले, डुगडुगले आणि मग सगळं बोलणं होईपर्यंत मांड्या आवळून बसून राहिले.

"मंडपवाल्यानं घोळ घातला," ते म्हणाले. "खुर्च्या जवळा बाजारच्या लग्नाला देऊन बसला. आन आपण सोयऱ्यांना शब्द दिलाय, वऱ्हाड खाली बसणार न्हाई म्हणून. तुमच्या खुर्च्या पाठव. भाडं काय ते सांग."

"भाडं घेत न्हाईत आमी मालक," आई म्हणाली. "खुर्चीसंग माणूस येतंय."

"माणूस कशाला?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी वही उघडून नियम वाचला. मालकांनी तो पुन्हा वाचायला लावला.

"म्हंजे एकतीस माणसं?"

"व्हय."

"या की. जेवायला तर समदं गावच हाय."

"जेवायला न्हाई. खुर्चीजवळ. मांडवात."

 मालकांच्या घरच्या कार्यात आमची पंगत गोठ्यामागं बसायची, सगळ्यांत शेवटी. घरापुढच्या अंगणात मांडव पडला की त्यात आमच्यापैकी कुणी शिरत नसे. शिरू नका असं कुणी म्हणत नव्हतं. म्हणायची वेळच आम्ही येऊ देत नव्हतो. मालकांनी एकदा खुर्च्यांच्या चळतीकडं पाहिलं, एकदा वहीकडं, आणि "बरं" म्हणाले. सोयऱ्यांना दिलेला शब्द फार जड असतो.

घरी बाबांनी डोक्याला हात लावला. ते पाटबंधारे खात्यात कालव्यावर कामाला होते आणि सगळ्यांशी नरमाईनं वागायची त्यांना सवय झाली होती. "काहून हे करून राहिलीस तू? खुर्च्या द्यायच्या आन गप बसायचं."

"गप बसायचंच हाय मला," आई म्हणाली, "पर खुर्चीवर."

बाबांना कळलं नाही. मलाही नीट कळलं नाही. मग आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि सरळ सांगितलं. "तुमची माय त्या अंगणात जन्मभर वाकली. मी बी वाकले. मला तिथं एकडाव बसायचंय. मायच्या खुर्चीवर. घटकाभर."

मी सचिव असल्यानं मला अडचण दिसली. खुर्च्या वऱ्हाडासाठी होत्या. नियमात फक्त खुर्चीजवळ राहायचं लिहिलं होतं, बसायचं कुठं लिहिलं नव्हतं. "वऱ्हाड जेवायला उठंल की न्हाई कवातरी?" आई म्हणाली. तिनं सगळा विचार करून ठेवला होता.

लग्नाच्या दिवशी पहाटे मालकांच्या ट्रॉलीतून खुर्च्या गेल्या. ट्रॉलीत माणसांना जागा उरली नाही, म्हणून नियम तेवढ्यापुरता मोडला. दहाच्या सुमारास आम्ही एकतीस जण, आणि बत्तिसावी मी वही घेऊन, अंगणात पोचलो, तर सगळे जागीच थबकलो. खुर्च्यांवर अभ्रे चढवले होते. मालकांचा मुलगा शहरात शिकत होता, ही अक्कल त्याची. पाठीवरची नावं सोयऱ्यांना दिसू नयेत म्हणून त्यानं बहिणीच्या रुखवतातले उशांचे अभ्रे काढून खुर्च्यांच्या पाठींना उलटे घातले होते. पोरीनं तीन वर्षं बसून भरतकाम केलेले. कुठं पोपट, कुठं गुलाब, आणि निम्म्यांवर 'शुभ रात्री'. भर बाराच्या उन्हातलं लग्न आणि पुढच्या दोन ओळी सगळ्यांना निजायला सांगत होत्या.

नावं झाकली याचा आम्हाला राग यायला हवा होता. तो मला नंतर आला आणि चांगला टिकला. त्या घटकेला मात्र वस्तीला एकच घोर पडला होता, की आपली खुर्ची ओळखायची कशी. तोवर वऱ्हाड येऊन बसलंही होतं. आमच्या बाया मागच्या बाजूनं एकेक अभ्रा उचलून वाचू लागल्या. "भाऊ, जरा पुढं व्हा. न्हाई, हा मामा निघाला. बसा बसा." ज्यांना वाचता येत नव्हतं त्या मला हाका मारत होत्या, आणि मी पाहुण्यांच्या पाठीमागून वाकून मेलेल्या माणसांची हजेरी घेत होते. चुलत्यांना त्यांचे आईबाप शेजारीशेजारी सापडले. त्यांनी दोन वऱ्हाडी उठवून मध्ये तिसरी खुर्ची आणली.

अर्ध्या तासानं सगळे आपापल्या खुर्चीमागं ताठ उभे राहिले. वऱ्हाडाला ते फार आवडलं. नवरदेवाचे मामा, फेटा बांधलेले, मोठ्या मिशांचे, नेमके आजीच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी मालकांना मोठ्यानं हाक मारून सांगितलं, "सोयरे, कमाल केली तुमी. खुर्चीगणिक माणूस उभा केला. आमच्याकडं असा मान न्हाई कुणी ठेवत." मालकांनी हात जोडले आणि मान घेऊन टाकला. मामांनी मग मागं न बघता हातातला रिकामा पेला आईपुढं धरला. "बाई, पाणी आण गं."

मी आईचा चेहरा पाहिला आणि वही छातीशी धरली.

"पाणी तिकडं माठात हाय दादा," आई म्हणाली. "मी पाणी द्यायला न्हाई. खुर्ची राखायला हाय. तुमी माझ्या सासूवर बसून राहिले."

मामा वळले. आईनं अभ्रा वर केला. मामांनी वाचलं. "हे कालकथित म्हंजे काय?"

"म्हंजे ती आता न्हाई," आई म्हणाली. "समद्याच खुर्च्या तशा हायत. एकतीस बी."

मामा असे उठले की फेटा शेजारणीच्या मांडीत पडला. शुभकार्यात मेलेल्या माणसावर बसणं म्हणजे काय, हे त्यांनी शेजारच्याला सांगितलं, त्यानं बायकोला, आणि बायकोनं सगळ्या मांडवाला. अभ्रे भराभर वर झाले. लोक वाचत आणि उठत. कुणी मरणाला भ्यालं आणि कुणी आडनावाला, ते मला सांगता येणार नाही. दोघांचीही तोंडं सारखीच दिसत होती. मागं गावकऱ्यांसाठी सतरंज्या अंथरल्या होत्या. ज्या वऱ्हाडाला खाली बसायचं नव्हतं ते धोतरं-लुगडी सावरत त्या सतरंज्यांवर जाऊन दाटीवाटीनं बसलं. नवरदेवाची आत्या तर चपलांच्या ढिगाशेजारी बसली आणि तिथं तिला फार बरं वाटलं.

मांडवाच्या पुढच्या भागात एकतीस रिकाम्या खुर्च्या आणि त्यांच्यामागं एकतीस माणसं उरली. मला इतकं हसू येत होतं की मी ओठ चावत होते, आणि भीतीही तेवढीच वाटत होती.

पहिले चुलते बसले. "रिकामी ठेवली तर कुणी बी उचलून नेतंय," असं त्यांनी कुणी न विचारता सांगितलं, आणि बापाच्या लंगड्या खुर्चीत पाय पसरले. चुलतीही सासूवर बसली. मग एकेक करत सगळे. आई तेवढी उभी होती. मी तिला कोपरानं ढोसलं. तिनं पदर सारखा केला, खुर्चीला हात लावला आणि हळूच टेकली, पुढच्या काठावर, उठायला सोपं जाईल अशी.

तेवढ्यात मालक धावत आले. मुहूर्त पाच मिनिटांवर, नवरदेव घोड्यावरून उतरलेला, आणि पुढच्या ओळीत आम्ही. त्यांना पाहताच आई ताडकन उभी राहिली. तिनं ठरवून केलं नाही. तिचे पायच तसे होते. बाकीचे तीसजण मात्र बसून राहिले. चुलते तर मांडवाच्या छताकडं पाहत होते, जणू तिथं काही लिहिलंय. आईनं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. आपण एकट्याच उभ्या आहोत हे तिच्या ध्यानात आलं. ती लाजली. आईला लाजताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि मला तिचा फार राग आला, आणि रागापेक्षा जास्त रडू.

मालकांनी तोंड उघडलं. ते काय म्हणणार होते ते कुणालाच कळलं नाही, कारण स्टेजवरून शूटिंगवाला ओरडला. "ओ, त्या मावशी मध्ये कशाला उभ्या? पुढच्या खुर्च्या भरलेल्या दिसू द्या. बसा हो मावशी, बसा. मालक, बसवा त्यांना." त्यानं लाइट लावला. तो झगझगीत उजेड थेट आईवर पडला.

मालकांनी मागं सतरंजीवर कोंबलेलं वऱ्हाड पाहिलं. लाइटकडं पाहिलं. कपाळाचा घाम पुसला.

"बसा," ते आईला म्हणाले.

आई त्यांच्याकडं बघत राहिली. मग ते समोर उभे असतानाच ती बसली. मंगलाष्टकं सुरू झाली आणि आम्ही बसल्या जागेवरून अक्षता टाकल्या. नवरीनं एकदा डोळे वर करून पाहिलं. माझा समज आहे की ती आपले अभ्रे मोजत होती.

ती कॅसेट मालकांच्या घरी पुढं कितीतरी वर्षं लागायची. अनोळखी माणसाला वाटायचं की या लग्नात सगळ्यांत जवळची माणसं ती पुढं बसलेली. बाकी पंगतीला आमचा नंबर शेवटीच लागला, गोठ्यामागंच, आणि तोवर बुंदी संपली होती. वहीत मी तेवढंच लिहिलं, की सर्व खुर्च्या सुखरूप परत.

दुपारी खुर्च्या परत न्यायला ट्रॉली मिळाली नाही. ती वऱ्हाडाच्या सामानाला गेली होती. मग ज्याची खुर्ची त्यानं डोक्यावर घेतली. बंधाऱ्याच्या वाटेनं एकतीस खुर्च्या चालल्या होत्या, चारी पाय आभाळाकडं. आई माझ्यापुढं होती. मीच म्हणाले, "बसलीस की शेवटी."

"बसले," ती म्हणाली. मग थोडं चालून म्हणाली, "पर पाठ टेकवली न्हाई."

"काहून?"

"मालक उभे व्हते ना."

 मी म्हणाले, "आता घरी गेल्यावर टेक. अंगणात टाकू खुर्ची. चांगली आरामात टेकून बस."

आईनं डोक्यावरची खुर्ची एका हातानं सावरली आणि माझ्याकडं वळून पाहिलं.

"घरी टेकून काय करू?" ती म्हणाली.